नादिष्ट

माझ्या कामाच्या टेबलावर काडेपेटीपेक्षा जराशी मोठी अशी एक वाद्यपेटी आहे. तिला झाकण नाही, त्यामुळे पोटातलं सगळं उघड्यावर. पितळी रंगाचं एक बुटकं नळकांडं, त्यावर अंगावर काटा यावा तसे बारीक खिळे, समोर पोलादी फणी आणि बाजूला फिरवायची दांडी. दांडी फिरवली की खिळे फणीचे दात उचलतात आणि सोडून देतात. दात सुटला की सूर. फणीला अठरा दात आहेत. म्हणजे होते. एक पडला, त्याची हकीकत पुढे येईल.

पेटीत एका पॉप गाण्याचं पालुपद भरलेलं आहे. गाणं कोणतं ते सांगणार नाही. एक तर सांगितलं की ते तुमच्या डोक्यात दिवसभर ठाण मांडून बसेल, आणि दुसरं म्हणजे मला त्याची अजून थोडी लाज वाटते. नळकांड्याचा एक फेरा पंधराएक सेकंदांत संपतो. संपतो हे आपलं म्हणायचं. शेवटच्या खिळ्याला लागूनच पहिला खिळा उभा असतो. थांबायचं कुठे हे पेटीला ठाऊक नाही आणि माझ्या अनुभवाप्रमाणे दांडी फिरवणाऱ्यालाही नसतं.

“याचा उपयोग काय?” एका सहकाऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यावर त्यानं टेबलावर अडगळ का ठेवू नये याबद्दल मला चार गोष्टी सांगायला घेतल्या. सांगता सांगता त्याचा हात दांडीकडे गेला. दुसऱ्या फेऱ्याला वाक्य अडखळलं, चौथ्या फेऱ्याला बंद पडलं, आणि नंतर नुसतीच पेटी वाजत राहिली.

अशा वस्तूंच्या मागे लागणाऱ्या माणसाला मराठीत नादिष्ट म्हणतात. म्हणणाऱ्याचा सूर कौतुकाचा नसतो, पण शब्द फार नेमका आहे. घंटेचा नाद आणि कबुतरांचा नाद, शब्द एकच. तसाच छंद. मोजूनमापून बांधलेली कवितेची चाल म्हणजे छंद, आणि तिकिटं जमवणं हाही छंदच. पालुपदाचीही तीच गत: गाण्यात फिरून फिरून येतं ते पालुपद आणि एखादा माणूस जी एकच तक्रार प्रत्येक बोलण्याच्या शेवटी आणून ठेवतो तेही पालुपदच. भाषेच्या अभ्यासकांकडे याची रीतसर उत्तरं असतील. मला आपलं वाटतं, की हे शब्द ज्यांच्या तोंडी घोळले त्यांनी एक गोष्ट पक्की हेरली होती. नवीन काही सापडलं की वाटतं ते कुतूहल. नाद त्याच्या पुढचा. ओळखीच्याच जागी पाय पुन्हा वळतात, तेव्हा नाद लागलेला असतो.

माझे नाद मोजून तीन. निरुपयोगी भेटवस्तू, पॉप गाणी आणि अलीकडे, माझा मलाच विश्वास बसत नाही पण, मंत्रघोष. या तिघांचं एकमेकांशी काही नातं असेल असं बरीच वर्षं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पेटी दिली ती एका मैत्रिणीनं. तिला भेट द्यायला निमित्त लागत नाही. वाढदिवस ती हमखास विसरते आणि मग एखाद्या बिनमहत्त्वाच्या मंगळवारी हातात पुडी ठेवते. आजवर तिनं मला दिलेल्या वस्तू: कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. एकच मोजा, सोबत चिठ्ठी, “दोनातला एक हरवेल तेव्हा घाल.” आणि एक गुळगुळीत दगड, त्यावर रंगवलेले दोन डोळे, खोक्याला श्वास घ्यायला भोकं.

दगडाची कल्पना तिची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. 1975 मध्ये अमेरिकेतल्या गॅरी डाल नावाच्या जाहिरातलेखकानं ‘पेट रॉक’ म्हणून असाच दगड विकायला काढला होता. मित्रमंडळी पाळीव प्राण्यांच्या उस्तवारीची रडगाणी गात होती, तेव्हा हा म्हणाला, माझा प्राणी दगड आहे, त्याचा काही त्रास नाही. भोकांचं खोकं, आत गवताची गादी आणि 32 पानांची माहितीपुस्तिका. दगडाला ‘बस’ आणि ‘थांब’ या आज्ञा चटकन जमतात, ‘लोळ’ म्हटलं की मात्र मालकानं थोडी मदत करावी लागते, असं त्या पुस्तिकेत गंभीरपणे लिहिलं होतं. काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त दगड खपले. लोकांना मूर्ख बनवलं असं म्हणणारे तेव्हाही होते. मला नाही तसं वाटत. घेणाऱ्याला आपण दगड घेतोय हे पुरतं माहीत होतं. खपली ती पुस्तिका. कुणीतरी एका निर्जीव गोष्टीसाठी एवढी मेहनत घेतली, याची ती मजा होती.

चांगली विक्षिप्त भेट मिळाल्यावर नेमका तोच आनंद होतो. समोरच्यानं आपल्यासाठी किती खर्च केला ते मनातही येत नाही, आपल्याबद्दल किती वेळ खुळ्यासारखा विचार केला ते मात्र लख्ख दिसतं. किल्ली बघून मी विचारलं होतं, “कुलूप कुठंय?” ती म्हणाली, “ते तू शोधायचंस, म्हणून तर तुला दिली.” मी आजही जुनं कुलूप दिसलं की किल्ली लावून बघते. हे ती देण्याआधीच तिला माहीत होतं.

मला हे जमत नाही. मी मामाला एकदा तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ दिलं. माणूस निवृत्त, हाताशी वेळ भरपूर, तर निदान तो वाहताना बघेल, असा काहीतरी काव्यात्म विचार त्यामागे होता. आठवड्यानं त्याचा फोन आला. “अगं, ते तुझं घड्याळ अकरा सेकंद मागे पडतं. मी चार वेळा लावून पाहिलं. बदलून देतात का विचार.” हल्ली ते घड्याळ फोनच्या शेजारी असतं. मामींचा फोन लागला की मामा ते उलटं करतो आणि वाळू संपली की काही न बोलता पुन्हा उलटं करतो. मामींनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला आहे. एकूण भेट वाया गेली नाही म्हणायचं.

तीन मिनिटं आणि अकरा सेकंद. म्हणजे साधारण एक पॉप गाणं.

हा हिशोबही तसा यंत्रानंच घालून दिलेला. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनएक मिनिटांचंच गाणं मावायचं. गाणाऱ्यांनी आपलं सुखदुःख तेवढ्यात बसवलं, तबकड्या गेल्या आणि माप राहून गेलं. मला ते माप आवडतं. तीन मिनिटांत कुणी विचार पटवून देऊ शकत नाही. फार तर एक गोष्ट सांगता येते आणि तीच आणखी तीनदा सांगता येते. पॉप गाणं बरोबर तेवढंच करतं. एक कडवं आपलं सौजन्य म्हणून, मग पालुपद, दुसरं कडवं कुणी ऐकत नाही, मग पालुपद, मग थोडा सूर चढवून पालुपद.

पॉप ऐकण्याची लाज मला नेमकी कधीपासून वाटू लागली ते सांगता येत नाही, कशी वाटू लागली ते सांगता येतं. कॉलेजात आवडीनिवडी विचारल्या जायच्या तेव्हा मी शास्त्रीय संगीताचं नाव घ्यायची. खोटं नव्हतं ते, पण रात्री कानाला हेडफोन लावून जे चालायचं ते वेगळंच होतं. एकच गाणं. संपलं की परत. वीसदा, पंचविसदा. खोलीतली मुलगी एकदा वैतागून म्हणाली, “ते गाणं तुला अजून समजलं नाही का?” कारण हेडफोनमधून बाहेर फक्त टाळाचा ठेका झिरपत होता आणि तो तिलाही पाठ झाला होता. गंमत म्हणजे सत्र संपेपर्यंत तीही ते गुणगुणायला लागली. आवडलं म्हणून नव्हे, सवयीनं. या दोहोंतला फरक तरी नक्की कुठे असतो?

तो फारसा नसतोच असं एका मानसशास्त्रज्ञानं दाखवलेलं आहे. रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये लोकांना अर्थ नसलेले शब्द, अनोळखी चेहरे आणि ज्यांना चिनी येत नाही त्यांना चिनी अक्षरं दाखवली. काही एकदोनदा, काही पुष्कळ वेळा. जे जास्त वेळा नजरेखालून गेलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. इतर काही कारण नाही, नुसती नजरभेट. संगीताच्या बाबतीत एलिझाबेथ मार्गुलिस यांनी याहून खोडसाळ प्रयोग केला. लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर हे विसाव्या शतकातले मोठे रचनाकार, आणि पुनरावृत्ती टाळण्याबद्दल प्रसिद्ध. मार्गुलिसबाईंनी त्यांच्या रचनांचे तुकडे संगणकावर कापले आणि मध्येच पुन्हा चिकटवले. कलात्मक विचार वगैरे काही नाही, नुसती कात्री आणि डिंक. ऐकणाऱ्यांना या फेरफार केलेल्या रचना मुळापेक्षा जास्त आवडल्या. वर, त्या माणसानं रचल्या असाव्यात असंही जास्त वाटलं. म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्यांदा आली की आपण समजतो, इथे कुणाचा तरी हेतू आहे. रचनाकारांच्या बाजूनं विचार केला तर वाईटच वाटतं.

पण मला मुळापासून हलवलं ते तिसऱ्या एका गोष्टीनं. डायना डॉइच या संशोधिका 1995 मध्ये आपल्या एका ध्वनिमुद्रणासाठी स्वतःचं बोलणं तपासत होत्या. त्यातला चारच शब्दांचा एक तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा वाजता ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागल्या. थोड्या वेळानं त्यांना वाटलं खोलीत कुणीतरी बाई गातेय. आवाज त्यांचाच होता, तुकडा तोच होता, त्यात एका कणाचाही बदल झालेला नव्हता. बोलणं फिरून फिरून आलं आणि गाणं झालं.

वाचून पटेना म्हणून मी करून पाहिलं. फोनमध्ये आईचा एक निरोप होता, दोन सेकंदांचा. “पोचलीस की कळव.” हा तिचा निरोप गेली कित्येक वर्षं प्रत्येक प्रवासाच्या मागे धावत येतो. मी तो फिरता लावला. पहिल्या तीन वेळा आईच बोलत होती. पाचव्या-सहाव्या वेळेला शब्दांची टोकं बोथट झाली. ‘पोचलीस’मधला ‘ली’ वर चढतोय आणि ‘कळव’ पायरी-पायरीनं उतरतोय हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. दहाव्या वेळेच्या आसपास आई गायला लागली. अगदी ताल धरून, ‘की’वर किंचित थांबून. मी खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिले. पंधरावं, विसावं. शब्दांतला अर्थ पार निथळून गेला होता. ‘कळव’ म्हणजे काय, हे त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर आठवायला लागलं असतं. उरला होता तो नुसता चढउतार, आणि त्यात आई आधीपेक्षा जास्त होती.

पुढच्या भेटीत मी तिला ते ऐकवलं. तिनं चष्मा वर केला, फोन कानाशी धरला.

“हे मी?”

“तूच.”

“मी गातेय होय? अगं, मी चिडले होते. तू त्या दिवशी पोचून तीन तास झाले तरी कळवलं नव्हतंस.”

तेव्हापासून पंचाईत अशी झाली आहे, की ती फोनवर इतर शंभर गोष्टी साध्या बोलते आणि या वाक्याला आली की गाते. डॉइचबाईंनी हेही नोंदवलं आहे: एकदा गाणं ऐकू आलं की मूळ सलग बोलणं लावलं तरी तो तुकडा आला की तिथे गाणंच फुटतं. परतीची वाट नाही. आई रागावलेली असली तर तेवढ्यापुरतं तरी मला हसू आवरावं लागतं.

हे झाल्यावर मंत्रघोषाकडे बघण्याची माझी नजर बदलली. तोवर मी त्या वाटेला गेले नव्हते. मी श्रद्धाळू नाही. देव आहे की नाही या प्रश्नावर माझं मत विचारलं तर मी विषय बदलते. पण ओळखीच्या एक बाई एका गटात जात, तिथे आठवड्यातून एकदा वीसपंचवीस माणसं जमून ‘ओं मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणत. त्यांनी आग्रह केला नाही. “बसून बघा, नाही आवडलं तर शेवटच्या रांगेतून निघता येतं,” एवढंच म्हणाल्या. शेवटची रांग या शब्दांवर मी गेले.

पहिली दहा मिनिटं मी नुसती परीक्षक होते. शेजारचे गृहस्थ अर्धा सूर खाली. पुढच्या बाई प्रत्येक ‘हूं’ला जरा जास्तच लांबवतात. माझा श्वास मध्येच तुटतो. मग केव्हातरी, केव्हा ते नाही सांगता येणार, शेजारच्यांचा खालचा सूर चुकीचा वाटेनासा झाला. तो खाली होता म्हणूनच बाकीचा आवाज भरीव लागत होता. माझा श्वास संपायचा तिथे दुसऱ्या कुणाचा सुरू असायचा, त्यामुळे घोष तुटतच नव्हता. मी थांबले तरी मी थांबले नव्हते. सहा अक्षरं. त्यांचा अर्थ मला तेव्हा धड माहीत नव्हता, आणि आईच्या वाक्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे तो माहीत नसल्याचं काही वाटलंही नाही.

आणि मग माझा फोन वाजला. बंद करायचा राहिला होता. रिंगटोन कोणती, तर तेच गाणं, ज्याचं नाव मी सांगत नाही. शेवटच्या रांगेतून, चढ्या आवाजात, थेट पालुपद. पिशवीत हात घालून तो सापडेपर्यंत पालुपद एकदा पुरं झालं. एकानंही मागे वळून पाहिलं नाही आणि घोष थांबलाही नाही. खरं सांगायचं तर दोन-चार क्षण दोन्ही ठेके एकमेकांवर बरोबर बसले. सगळं संपल्यावर पुढच्या ‘हूं’वाल्या बाई माझ्याजवळ आल्या. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्या हळूच म्हणाल्या, “कुठलं हो गाणं ते? मगाचपासून डोक्यातून जात नाहीये.”

मी नाव सांगितलं. मोजक्याच लोकांना सांगितलंय.

पॉप आणि मंत्र यांची अशी टक्कर माझ्या पिशवीतच पहिल्यांदा झाली असं नाही. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं 1969 मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातल्या भक्तांना स्टुडिओत नेऊन ‘हरे कृष्ण’ मंत्राची तबकडी काढली आणि ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. पुढच्या वर्षी ‘माय स्वीट लॉर्ड’ आलं. त्यात मागचे गायक आधी ‘हालेलूया’ म्हणत असतात आणि ऐकणाऱ्याच्या नकळत ‘हरे कृष्ण’वर येतात. खरी मौज तर पुढेच. ही चाल ‘शिफॉन्स’ या मुलींच्या गटाच्या 1963 सालच्या एका पॉप गाण्याची आहे असा दावा कोर्टात गेला. 1976 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: हॅरिसननं ती घेतली आहे, पण जाणूनबुजून नव्हे, ती त्याच्या अबोध मनातून आली. मला हा निकाल फार आवडतो. प्रेमकूजनाचं एक हलकंफुलकं गाणं माणसाच्या आत इतकं खोल उतरलं, की तो देवाला हाक मारायला गेला तर ओठावर तीच चाल आली. कायद्यानं त्याचा दंड व्हायचा तो झाला. पण मनात खालच्या मजल्यावर भक्तिगीतांचं आणि पॉपचं कपाट एकच असतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

शरीरालाही बहुधा ही दोन कपाटं वेगळी ओळखता येत नाहीत. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, एकदा ‘ओं मणि पद्मे हूं’. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. सहाच्या गतीला श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके एकमेकांच्या तालात येतात. दोन धर्म, दोन भाषा, दोन खंड, आणि एका आवर्तनाला लागणारा वेळ जवळपास तोच, दहा सेकंद. ज्यांनी या प्रार्थना घडवल्या त्यांच्याकडे घड्याळं नव्हती. फुफ्फुसं होती.

मोजदादीचं मात्र कुणाचं एकमत नाही. आपल्या जपमाळेला 108 मणी, ख्रिस्ती रोझरीला 59, मुसलमानी तस्बीहला 33 किंवा 99. मी स्वतः अकराच्या पुढे मोजू शकत नाही, मन भरकटतं. तिबेटी लोकांनी यावर सुंदर तोड काढली आहे. त्यांच्या प्रार्थनाचक्राच्या पोटात कागदाची गुंडाळी असते, तिच्यावर मंत्र हजारो वेळा छापलेला. चक्र एकदा फिरलं की तेवढे मंत्र म्हटल्यासारखेच. पहिल्यांदा असं चक्र हातात घेतलं तेव्हा मला ओळखीचं काहीतरी जाणवलं आणि ते काय ते घरी टेबलाशी आल्यावर कळलं. दांडी. फिरणारं नळकांडं. त्यावर कोरून ठेवलेली एकच ओळ. 1796 मध्ये जिनिव्हातल्या आंत्वान फाव्र या घड्याळजीनं घंट्यांच्या जागी पोलादी पट्ट्या बसवून खिशात मावेल असं संगीत तयार केलं, तेव्हा त्याच्या मनात प्रार्थना नसणारच. पण त्या दोन वस्तू मी आता शेजारी शेजारी ठेवते.

गाण्याचा घोष कसा होतो हे पाहायचं तर फुटबॉलचं मैदान गाठावं. ‘सेव्हन नेशन आर्मी’ हे ‘व्हाइट स्ट्राइप्स’ या अमेरिकन रॉक जोडीचं 2003 सालचं गाणं. त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुजचे पाठीराखे मिलानला सामन्यासाठी गेले, तिथे त्यांनी ते ऐकलं, सामना जिंकला आणि सूर घरी घेऊन आले. 2006 च्या विश्वचषकात इटलीभर तो घुमत होता. आज मैदानात तो गाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना गाण्याचे शब्द येत असतील? शब्द गळून पडले, राहिले गिटारचे सात सूर, तेही ‘ओ’ या एका अक्षरावर. आणि त्या गाण्याचं नाव तरी काय, तर ते लिहिणारा जॅक व्हाइट लहानपणी ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवासंस्थेला असं म्हणायचा. एका पोराची ऐकण्यातली चूक अर्थ सांडत सांडत लाखो गळ्यांत पोचली.

नादिष्टांचा मेरुमणी म्हणून मी ज्याला मानते तो मात्र एकांतातला. फ्रेंच संगीतकार एरिक साती. एकाच कापडाचे, एकाच शिवणीचे मखमली सूट एकदम सात घेणारा. 1925 मध्ये तो गेल्यावर मित्र पहिल्यांदाच त्याच्या खोलीत शिरले, तर आत छत्र्यांचा ढीग. त्यानं एका पानाची एक रचना लिहून ठेवली होती, ‘वेक्सेशन्स’, आणि वर टीप: हे लागोपाठ 840 वेळा वाजवायचं असेल तर आधी अगदी शांत, निश्चल बसून तयारी केलेली बरी. चेष्टा की साधना, कुणालाच कळलं नाही. 1963 मध्ये न्यू यॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं ती खरीच 840 वेळा वाजवून घेतली, पियानोवादक आळीपाळीनं बसवून. अठरा तासांहून जास्त लागले. शेवटचा सूर विरल्यावर उरल्यासुरल्या श्रोत्यांतून कुणीतरी ‘वन्स मोअर’ दिला असं सांगतात. चेष्टेत असेल. पण अठरा तास बसलेल्या माणसाबद्दल खात्रीनं काही बोलू नये.

आता दाताची गोष्ट. दोष सर्वस्वी माझा. दांडी उलटी फिरवली तर गाणं उलटं वाजेल का, हे मला एका रात्री बघायचं होतं. नाही वाजत. एक दात वाकला. तो सरळ करायला मी चिमटा घेतला आणि दात चिमट्यासकट हातात आला. पेटी पालुपदाच्या ऐन मध्यावर एक सूर गाळू लागली.

मैत्रिणीला सांगायचं मी दोन महिने टाळलं. शेवटी सांगितलं, तर तिनं पेटी फिरवली, कान लावला आणि विचारलं, “कुठला सूर गेलाय?” तिला तो ऐकू येत होता. मलाही येतो. डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी 2005 मध्ये लोकांना ओळखीची गाणी मध्येमध्ये आवाज कापून ऐकवली होती. शांततेच्या त्या तुकड्यांतही मेंदूचा ऐकण्याचा भाग काम करतच राहिला, जणू गाणं चालूच आहे. आमच्या दोघींच्या डोक्यात तो अठरावा दात शाबूत होता. तिनं पेटी परत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मग काय बिघडलंय?”

माझी सात वर्षांची भाची सुट्टीत आली तेव्हा तिनं पेटीचा ताबा घेतला. मूळ गाणं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे ते. चार दिवसांत तिला चाल पाठ झाली. जिन्यात, आंघोळ करताना, झोपेत कूस बदलताना सुद्धा. मी एकदा नीट ऐकलं तर ती गळलेल्या सुराच्या जागी दर वेळी थांबायची. बरोबर तेवढीच. आणि नुसती थांबायची नाही, तिथे हनुवटी खाली करून एक छोटासा झटका द्यायची, जसं काही तो गाण्याचाच भाग.

म्हटलं, हिला खरं गाणं ऐकवावं. फोनवर लावलं. एवढी वर्षं जे मी चारचौघांत लावलं नव्हतं ते मोठ्या आवाजात लावलं. ती भुवया आक्रसून ऐकत होती. पालुपद आलं, गेलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं माझा हात धरला.

“मावशी, यांचं चुकतंय.”

“कुठे?”

“मध्ये एक जास्तीचा घातलाय.”

मी फोन बंद केला. तिनं पेटी मांडीवर घेतली, दांडी फिरवली, आणि त्या जागेवर येताच माझ्याकडे बघून हनुवटीनं झटका दिला.